गोंदणाचे दोन ठिपके

॥ श्री ॥

गोंदिया,
ता. १० डिसेंबर १९४६

चि. चुन्नीलाल भाऊजींस शामकला वहिनीचे अनेक आशीर्वाद. सौ. गीताला आशीर्वाद आणि बाळीला माझ्याकडून एक पापा. इकडे सर्व ठीक आहे, तुमच्याकडेही असेल.

पाकिटावरचं अक्षर तुमच्या दादांचं नाही, हे पाहूनच तुम्ही ते उघडलं असणार. त्यांच्या अक्षराचं असतं तर आठ दिवस भिंतीतल्या दिवळीत पडून राहिलं असतं. काळजी करू नका, ते कसलं पत्र लिहितात. वाटणी झाल्यापासून तुमचं नावही या घरात मोठ्यानं निघत नाही. आई तेवढ्या रोज काढतात, आणि तेही मुद्दाम, दादा जेवायला बसले की. मग ते अर्ध्या जेवणावर पाणी पितात आणि भांडण माझ्याशी होतं.

परवा सौंदडहून माझा भाऊ येऊन गेला. यंदा धान बरं आलं म्हणतो. नवे पोहे आणि लाखोरीची डाळ ठेवून गेला. तिकडे जबलपुरात लाखोरी मिळते की नाही कोण जाणे. तुम्ही आलात की गीतासाठी बांधून देईन.

आता कामाचं लिहिते. फोटोचं दुकान सध्या मी उघडते. दादा सकाळी धानाच्या मिलमध्ये कामाला जातात. कॅमेऱ्याला त्यांनी दिवाळीपासून हात लावलेला नाही. त्यांना वाटतं, त्यांचे डोळे गेले.

तुम्हाला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. आपल्या या जर्मन कॅमेऱ्यांच्या खिडकीत डोळा लावला की समोरचं माणूस दुहेरी दिसतं. लेन्स हळूहळू फिरवत न्यायची, दोघांचं एक झालं की कळ दाबायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे तुम्हीच मला शिकवलंत. बाईमाणूस समोर असलं की कुंकू धरा, वहिनी, म्हणायचात. आणि आईंच्या कपाळावर कुंकू नाही, तर त्यांच्या गोंदणाचा ठिपका धरा. दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला की फोटो बरोबर. तर गेली तीन वर्षं आमच्याकडे ठिपका एक होतो आणि फोटोत चेहरा पुसट येतो. मागची भिंत मात्र अशी येते की विटा मोजून घ्याव्यात.

उन्हात काढलेले फोटो बरे येतात, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. पण घरात, सावलीत काढलेले सगळे तसे. मुर्रीच्या एका गृहस्थांनी मुलीचा फोटो काढून नेला, स्थळाकडे पाठवायला. तिकडच्या लोकांनी तो परत धाडला आणि विचारलं की मुलीला देवी येऊन गेल्या होत्या का, वण दिसू नयेत म्हणून तोंड पुसट काढून घेतलं का. स्थळ मोडलं. त्या पोरीचं तोंड लोण्यासारखं स्वच्छ आहे, मी स्वतः पाहिलंय. तिच्या बापानं भर बाजारात दादांना नको ते ऐकवलं. त्या दिवसापासून कॅमेरा पेटीत आहे. नागपूरला जाऊन चष्मा करून आणला, तोही चढवून पाहिला, फोटो तसाच. मग चष्माही पेटीत गेला.

म्हणून विचारते, आणि तुम्ही खरं सांगायचं. तुमचे फोटो कसे येतात? वाटणीनंतर दोन महिन्यांत तुमचं पत्र आलं होतं की दादांनी कॅमेऱ्याची काच बदलून खराब काच माझ्या माथी मारली. ते त्यांना इतकं लागलं की आपलाही फोटो बिघडतोय, हे त्यांनी मलासुद्धा वर्षभर सांगितलं नाही. सांगितलं तर वाटेल, भावानं आरोप केला म्हणून हाही करतो. तुम्ही दोघंही एकाच आईचे आहात, एवढं खरं.

आई तशा बऱ्या आहेत. थंडी पडली की खोकला असायचाच. अंगणात खाट टाकून उन्हात बसतात. त्यांचं एकच म्हणणं आहे, दोन्ही मुलांच्या मध्ये बसून एक फोटो काढायचा. इतक्या वर्षांच्या फोटोवाल्यांच्या घरात त्यांचा एक धड फोटो नाही. काल दादांना म्हणाल्या, "म्या मेल्यावर भितीवर भितीचाच फोटो लावान का?" दादा उठून बाहेर गेले. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

संक्रांतीला या. तुम्हाला बोलवायला मला दादांची परवानगी लागत नाही.

तुमची वहिनी,
शामकला

ता. क. आई शेजारी बसून पत्र ऐकतायत. "बरी हाये म्हून लिही," म्हणाल्या. म्हणून वर तसं लिहिलं आहे.


॥ श्री ॥

गोंदिया,
ता. ८ जानेवारी १९४७

चि. चुन्नीलाल भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आणि बाळीचा फोटो पोचला. पत्रातलं पहिलं वाक्य वाचून राग आला, संक्रांतीपासून लग्नसराईचा मोसम लागतो म्हणून निघता येत नाही म्हणे. जबलपूरला तुमच्याखेरीज फोटोवाला नाही का? पण फोटो पाहिला आणि राग बाजूला ठेवावा लागला.

बाळी लाडू पुढे करून उभी आहे. लाडवावरची खसखस दिसते. तिच्या बोटांची नखंसुद्धा दिसतात. आणि तोंड नाही. तोंडाच्या जागी धुकं आहे. आईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग म्हणाल्या, "लाडू माह्या चुन्नीवानी हाये." त्या हसवतात तेव्हा मला जास्त त्रास होतो.

भाऊजी, आता नीट वाचा, कारण तुम्ही लिहिलंय की तिथला एक घड्याळजी लेन्सच्या मागची कडा कानशीनं घासून ती बरोबर बसवून देणार आहे. त्याला हात लावू देऊ नका. हे पत्र वाचताना त्याच्याकडे दिली असेल तर चप्पल पायात घाला आणि परत आणा.

कारण सांगते. आमच्या फोटोत माणूस पुसट आणि त्याच्या मागचं स्पष्ट. तुमच्या फोटोत माणूस पुसट आणि त्याच्या पुढचं स्पष्ट. हे लक्षात आलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते, आणि एक पोळी जळली. चूक एकच आहे, फक्त उलटी.

मी पडताळाही घेतला. शेजारच्या नंदाबाई घरी बिड्या वळतात, त्यांच्याकडून बिड्यांचे कट्टे मागून आणले आणि ओसरीवर एकामागे एक तिरपे मांडले. मधल्या कट्ट्याला लाल दोरा बांधला. कॅमेरा पाटावर ठेवला, खिडकीतून लाल दोरा धरला, दोनाचा एक केला, कळ दाबली. ओसरीवर येणारे जाणारे विचारत होते, शामकला, बिड्यांचं लग्न लावून राहिलीस का. धानाच्या कोठीत, म्हणजे आपल्या अंधारखोलीत, रीळ धुऊन पाहिलं. लाल दोऱ्याचा कट्टा पुसट. त्याच्या मागचे दोन कट्टे असे स्पष्ट की पानाची शीर दिसावी. पुन्हा काढला, पुन्हा तेच. दादांच्या डोळ्यांचा यात काय संबंध? या वेळी डोळे माझे होते.

मग लेन्स काढून हातात घेतली. मागच्या कडेला आतून एक बारीक आकडा कोरलेला आहे, ५१७. आमच्या कॅमेऱ्यावर तो आकडा कुठेच नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या वरच्या पट्टीवर जो लांबलचक नंबर आहे, त्याचे शेवटचे आकडे पाहा. ५१७ असणार. नसले तर मी चुकले, मला वेडी म्हणा.

आठवतं का, बालाघाटच्या खाणीवरच्या साहेबानं विलायतेला परत जाताना दोन्ही कॅमेरे विकले, तेव्हा तो बोट नाचवून काहीतरी बजावत होता? तुम्ही दोघांनी मान डोलावून "येस सर" म्हटलंत आणि छोट्या लाईनच्या गाडीत बसलात. तो हेच सांगत असणार. तुमच्याकडे जो जुना कॅमेरा आहे, त्याची लेन्स त्याच कॅमेऱ्यापुरती घासून बसवलेली आहे. आटे सारखे म्हणून ती दुसऱ्यावर चढते, पण केसभर आत बसते. आणि दुसरीची लेन्स जुन्यावर चढवली की केसभर बाहेर राहते.

आणि वाटणीच्या दिवशी बकाराम मामाजींनी काय केलं तेही आठवा. पंच म्हणून त्यांना बोलावलेलं, आईंचे सख्खे भाऊ, दोन्ही भाचे सारखे. अंगणात दोन सुपं मांडली. म्हणाले, "एकाले दोन्ही नवे अन् दुसऱ्याले दोन्ही जुने, हा का न्याव झाला?" आणि नव्या कॅमेऱ्याजवळ जुनी लेन्स ठेवली, जुन्या कॅमेऱ्याजवळ नवी. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली, दारामागून. तुम्ही धाकटे म्हणून आधी सूप उचललंत. कुणी म्हणालं नाही की जोड्या तशाच राहू द्या. म्हणणारा हावरट दिसला असता. मामाजींनी इतका चोख न्याय केला की दोन्ही घरांत एक फोटो धड येईना. तुम्हाला दादांनी फसवलं नाही, भाऊजी. दादांनाही कुणी नजर लावली नाही.

दादांना बिड्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ पाहिला. मग बाळीचा पाहिला. मग विचारलं, "त्याचेई असेच येऊन राहिले का?" मी म्हटलं, हो, तीन वर्षं. ते खाली बसले आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. थोड्या वेळानं म्हणाले, "अन् त्यानं मले चोर म्हटलं." त्या दोन वाक्यांतलं पहिलं तुमच्यासाठी आहे, दुसरं मी उगाच लिहिलं. पण आता लिहिलं ते लिहिलं.

चहाच्या पुड्यातल्या चंदेरी पन्नीची चकती कापून मी आमच्या लेन्सच्या मागे घालून पाहिली, म्हणजे ती केसभर पुढे यावी. पण त्याचं काही खरं नाही. पन्नी ती पन्नी. तुमचीच लेन्स हवी.

तेव्हा ती घेऊन या. पार्सलनं पाठवू नका. रेल्वेवाले पेट्या कशा फेकतात ते तुम्ही पाहिलं आहे. हातानं आणा, इथली तुमची घेऊन जा, दोन दिवसांचं काम आहे. गाडी रोज आहे. मोसम मोसम काय करता, धुक्याचे फोटो काढण्याला मोसम कशाला लागतो.

आईंची खाट आता आत घेतली आहे. बाहेर वारा फार. दूध घेतात. डॉक्टर या बाजूला आले होते, तेही डोकावून गेले. लहानपणी तुम्ही काकड्या चोरल्या होत्या, ती गोष्ट आईंनी त्यांनाही सांगितली. महिना संपायच्या आत या, म्हणजे बरं. लेन्सचं काम असं लांबवू नये.

तुमची वाट पाहणारी वहिनी,
शामकला


गोंदिया,
ता. ३ फेब्रुवारी १९४७

चि. चुन्नीलाल भाऊजींस,

वर श्री लिहिलेला नाही आणि पाकिटाचा कोपरा फाडलेला आहे, तेव्हा तुम्हाला कळलंच असेल. आई शनिवारी सकाळी गेल्या. मी दूध घेऊन गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर दर दोन दिवसांनी येत होते, सहज डोकावत नव्हते.

तुम्हाला तार का केली नाही, हे तुम्ही विचारणार. मी दादांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "जित्यापनी नाई आला, आता राखेले भेटाले कायले येते?" मी पुन्हा म्हणायला हवं होतं. घरात माणसं भरली होती, तिरडी बांधत होते, आणि मी म्हटलं नाही.

तुमचं पार्सल त्याच्या आधीच्या मंगळवारी आलं. किती जपून बांधलं होतं तुम्ही. कापूस, त्यावर फडकं, त्यावर डबा, डब्यावर गोणपाट. एक ओरखडा नाही. वर चिठ्ठी, "आकडे तेच निघाले, ५१७. वहिनी, तुम्ही जिंकलात. मोसमामुळे निघणं नाही, लेन्स पाठवतो, माझी लगेच उलट पार्सलनं धाडा." मी ती चिठ्ठी हातात धरून पोस्टमनच्या मागे दारापर्यंत गेले. कशासाठी गेले, मला माहीत नाही. बहुतेक तुम्ही त्याच्या मागे उभे असाल असं वाटलं.

आईंना सांगावंच लागलं. डोळे मिटून होत्या. म्हणाल्या, "मी पोराची वाट पाहून राहिली होती, अन् काच आली." मग थोड्या वेळानं, "आली त आली. काढा फोटो."

दादांनी आणि मी खाट उचलून अंगणात उन्हाच्या कडेला आणली. त्यांच्या पाठीला रजई लावली. तुमची लेन्स दादांनी स्वतः चढवली. आटे नीट बसले का, ते दोनदा पाहिलं. डोळा लावला. लेन्स फिरवत नेली, थोडी मागे आणली, पुन्हा नेली. म्हणाले, "एक झाला." मग मला म्हणाले, तू पाहून घे. मी पाहिलं. आईंच्या कपाळावर गोंदणाचा एक ठिपका होता.

फोटो दोन मुलांच्या मध्ये बसून काढायचा होता. दादांनी खाटेच्या डावीकडे एक स्टूल ठेवलं. आई म्हणाल्या, "दुसरं टूलई मांड. त्याचं टूल तितंच ठिव." दादा आत गेले आणि दुसरं स्टूल आणून उजवीकडे मांडलं. चांगलं पुसून मांडलं. मग स्वतः डावीकडे बसले आणि कळ मी दाबली.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते.

त्या पन्नीच्या चकतीचं काही खरं नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. चकती बरोबर बसली होती. लाल दोऱ्याचा प्रत्येक पीळ दिसत होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच आमचा कॅमेरा दुरुस्त झाला होता, आणि दादांना तसा दाखवलाही होता. मला तुमची लेन्स नको होती, भाऊजी. मला तुम्ही हवे होतात. आईंचं दुखणं दिवाळीपासूनचं होतं. डिसेंबरात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उन्हाळा दिसणार नाही. मी त्याच दिवशी तुम्हाला लिहायला बसले तर आईंनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "दुखन्याचा भेव दाखवून पोराले बोलवाचं नाई. त्याचं मन होईन त येईन. लिहिशील त तुले माही आन हाये."

आन घातलेली मोडून लिहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या असत्या, तर जन्मभर मला वाटलं असतं की माझ्यामुळे गेल्या. तुम्ही हसाल. तिकडे जबलपुरात आन कुणी मानत नसेल. पण मी सौंदडची, आणि त्यांचा हात माझ्या हातावर होता. तेव्हा मी लेन्सचा बहाणा काढला. खरा होता, म्हणून फार चांगला बहाणा होता. बिड्यांचे कट्टे, पोळी जळली, मामाजींचा न्याय, सगळं रंगवून लिहिलं. इतकं रंगवलं की तुम्हाला ते लेन्सचंच काम वाटलं. मला वाटलं होतं, हातानं आणा म्हटलं की तुम्ही ओळखाल. खाट आत घेतली म्हटलं की ओळखाल. तुम्ही कापूस लावून पार्सल केलंत.

मला तुमचा राग आला आहे. लपवत नाही. एक रात्र गाडीत काढायची होती. मुलगी पाहायला जातात लोक त्या गाडीनं, चिंच विकायला जातात. आणि माझाही राग आला आहे, तो तुमच्यावरच्या रागापेक्षा मोठा आहे की लहान, ते मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही म्हणाल, वहिनी, एक ओळ सरळ लिहिली असती तर धावत आलो असतो. मला माहीत आहे. ती ओळ मी भांडी घासताना रोज लिहिते.

फोटो छापले, सुतकातच छापले, कुणाला विचारलं नाही. कोठीत पाण्याच्या थाळीत कागदावर आई वर आल्या. आधी केस, मग कपाळ, मग ठिपका. सुरकुत्या, ओठावरचा तीळ, लुगड्याच्या काठाची वीण, काही राहिलं नाही. तीन वर्षांत या कॅमेऱ्यानं माणसाचं तोंड असं पाहिलेलं नव्हतं. त्या समोर पाहत नाहीत. दाराकडे पाहतायत.

उजवीकडचं स्टूलही तितकंच स्पष्ट आलं आहे. ते त्यांच्याच ओळीत होतं ना. लाकडाच्या रेघा दिसतात, आणि लहानपणी चाकूनं तुम्ही कोरलेला च दिसतो. दादा म्हणाले, भिंतीवर लावताना ती बाजू कापून टाक, बरी नाही दिसत. मी कात्री घेतली आणि परत ठेवली. भिंतीवर आहे तसाच लावला. एक प्रत या पाकिटात घातली आहे. गीताला दाखवायच्या आधी तुम्ही एकट्यानं पाहा.

हे पत्र मी चोरून लिहीत नाही. दादा समोर बसले आहेत. मघाशी उठून त्यांनी तुमची ती ५१७ ची जुनी लेन्स काढली, आईंच्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडून त्यात गुंडाळली, डबीत घातली आणि दिवळीत ठेवली. मी म्हटलं, पार्सल उद्या बांधू का? त्यांनी दिवळीतली डबी आणखी आत सरकवली. मग म्हणाले, "पार्सल कायले? काच हातानं न्यावी लागते म्हून लिही त्याले."

तर तसं लिहिते आहे. तुमचा कॅमेरा तिकडे लेन्सवाचून आहे. मोसम असला तरी तुम्हाला फोटो काढता येत नसणार. तेरवी तेरा तारखेला आहे. तुमच्या दादांनी हजामाला दोघांच्या मुंडणाचं सांगून ठेवलं आहे. लाखोरीची डाळ बांधून ठेवली आहे. स्टूल अंगणातून अजून कुणी उचललेलं नाही, मी उचलू दिलं नाही.

जिनं आन घातली ती आता नाही, म्हणून सगळं खरं लिहिणारी,
तुमची वहिनी,
शामकला